वरच्या पाड्याचा नळ

नळाला पाणी आलं की सावित्रीबाईच्या अंगात यायचं. दिंडोरी रोडवरच्या हिरामणच्या घरी सकाळ-संध्याकाळ तासभर नळ चालायचा, आणि ती गावाकडून आलेली असली की त्या तासात घरातल्या एकाही भांड्याला रिकामं राहायची मुभा नव्हती. पिंप झालं, बादल्या झाल्या, की पातेली, मग कुकर, मग दुधाचं भांडं. मागच्या खेपेला तिने चहाचे कप भरून खिडकीत ओळीने मांडले होते, आणि तिचा मुलगा धनराज म्हणाला होता, "आये, आता चमचे तेवढे राहिले." सगळे हसले होते. सावित्रीबाईही हसली होती, पण नळ काही बंद केला नव्हता. वाहतं पाणी तसंच सोडून उठणं तिच्या जिवावर यायचं.

त्या रविवारी मात्र हिरामणच्या मुलीला, पल्लवीला, हसू आलं नाही. ती न्हाणीच्या दारात उभी राहून मोठीआईची पाठ बघत होती. पल्लवीची आई गेली तेव्हा पल्लवी पाचवीत होती. तेव्हापासून ही सावित्रीबाई, हिरामणची थोरली भावजय, पेठ तालुक्यातल्या आपल्या पाड्यावरून नागलीचं पीठ बांधून दर दोन-तीन महिन्यांनी नाशकाला यायची, आठवडाभर राहायची, पोरीला न्हाऊमाखू घालायची आणि परत जायची. पल्लवीला आई मिळाली ती अशी, थोडी थोडी, खेपेखेपेने. आता ती सिव्हिल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती तरी मोठीआई आली की तिचं वय पाचवीपाशी जाऊन थांबायचं.

"उभी काय ऱ्हायलीस? ये, बस इथं," सावित्रीबाई पदराला हात पुसत म्हणाली. "आज मॅडम यायच्यात. केस बघ कसे झालेत, खराट्यावानी."

पल्लवी तिच्या पुढ्यात बसली. तेलाचा हात डोक्यावर आला, पण सरळ फिरेना. तळव्याला केस अडकत होते.

"मोठीआई, हाताला काय झालं?"

"काय व्हायचंय? पायपाला चर खणला. दिवाळीपासून खणतोय आमी. मधी कातळ लागला तर तुझ्या आबानं पहार मोडली, इतका खणला." तिच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता, उलट फुशारकीच होती. "खालच्या पाड्याचे बोलले, वरच्यांना जमायचं नाय. बायाबायांनी मिळून गुडघ्याच्या वर नेला. आपल्या दारात पानी यायचंय, मग दुसऱ्यानं कशाला खणायचा?"

सावित्रीबाईने ओट्याकडे बोट दाखवलं.

"आन् ती बघ."

ओट्यावर नवीकोरी तांब्याची कळशी पालथी घातलेली होती. काल सीबीएस स्टँडवर उतरल्यावर ती आणि आबा, दोघं नवरा-बायको, आधी तांबट लेनमध्ये गेले होते, आणि चार दुकानं पालथी घालून, वाजवून वाजवून ही कळशी घेऊन आले होते. उजेडात ती इतकी लखलखत होती की स्वयंपाकघर तिच्यापुढे केविलवाणं दिसत होतं.

"पयलं पानी हिच्यात धरायचं," सावित्रीबाई म्हणाली. "देवाला घालायचं, मग समद्यांनी घोट घोट. आन् धरायची कोनी, ठाव हाय? तू."

"मी?"

"मंग कोन? तू आन् धन्यानं पानी मोजलं. धन्या बाप्या मानूस, त्याला कळशी शोभंल का? तूच धर."

पल्लवीने मान खाली घातली. तेल लावताना मान खाली घालावीच लागते, त्यामुळे मोठीआईला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ज्या पाण्यासाठी ही कळशी आली होती ते पाणी वरच्या पाड्यावर येणारच नव्हतं. हे घरात तिघांना माहीत होतं. पल्लवीला, धनराजला, आणि शुक्रवारपासून हिरामणला. आबा आणि मोठीआई यांना सोडून सगळ्यांना.

झालं होतं ते असं. नाशकातली एक संस्था त्या गावाला नळयोजना देत होती. समोरच्या डोंगराच्या कुशीत बारमाही झरा होता. त्याचं पाणी पाइपातून खोल घळीत उतरवायचं, घळीच्या अलीकडे चढवून आधी खालच्या पाड्याला आणि पुढे वरच्या पाड्याला न्यायचं. पंप नाही, विजेचं बिल नाही. अट एकच, आणि ती संस्थेची नव्हे, पाण्याची. ते जिथून निघतं त्या उंचीच्या वर चढत नाही. डोळ्यांना झराच उंच दिसायचा आणि सगळा गाव तसंच सांगायचा, पण मध्ये दरी असली की डोळ्यांवर विसंबून चालत नाही. म्हणून मोजणी. धनराज आणि पल्लवी यांनी ती शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून अंगावर घेतली. धनराज त्याच वरच्या पाड्याचा, बारकूआबा आणि सावित्रीबाई यांचा मुलगा. बारावीपासून काकाकडे राहून शिकत होता. गावाला केवढं कौतुक! आपलीच पोरं आपलं पाणी मोजतायत म्हणून दसऱ्यानंतरच्या त्या आठवड्यात कुणी त्यांना चहाशिवाय पुढे जाऊ दिलं नव्हतं.

धनराज लेव्हलच्या, म्हणजे उंची मोजायच्या यंत्राच्या दुर्बिणीपाशी, पल्लवी उंच पट्टी धरून पुढे. घळ उतरून, चढून, झऱ्यापर्यंत जाऊन, पुन्हा निघाल्या जागी परत. शेवटच्या संध्याकाळी वरच्या पाड्यावर मारुतीच्या ओट्यापाशी लेव्हल लावलेली होती आणि धनराज पट्टी बांधत होता. पल्लवीने सहज म्हणून दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीतली आडवी रेघ ज्याच्यावर टेकते ते आपल्याच उंचीवर असतं, हे तिला दुसऱ्या वर्षापासून पाठ. तिने दुर्बीण झऱ्याकडे वळवली. झऱ्यावर उंबराचं मोठं झाड आहे. रेघ उंबराच्या शेंड्याच्याही वरून गेली. झाड खाली होतं, आणि झाडाच्या बुडाशी झरा, तो त्याहून खाली.

आठवड्याने अहवाल झाला. त्यात वरचा पाडा झऱ्यापेक्षा दोन पुरुष उंचीने खाली दाखवला होता. आणि निघाल्या जागी परत आल्यावर किती फरक पडला, त्या क्लोजिंग एररच्या जागी शून्य होतं. इमानेइतबारे मोजणाऱ्याला शून्य कधी भेटत नाही, थोडंफार इकडेतिकडे होतंच. पण उत्तर आधी ठरवायचं आणि आकडे मागून मांडत यायचं, ही कला ती सगळी पोरं पहिल्या वर्षापासून शिकली होती. प्रयोगशाळेत लंबकाचं उत्तर पुस्तकात असतंच. मग झोके मोजत कशाला बसायचं? जर्नलं त्याशिवाय वेळेत पुरी व्हायचीच नाहीत, आणि सरांनाही ते ठाऊक असायचं. फक्त लंबकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी घागर घेऊन उभं नसायचं.

पल्लवीने तेव्हाच विचारायला हवं होतं. डोंगर आहे, उजेड कमी होता, आपलंच चुकलं असेल, असं म्हणत तिने दिवाळी जाऊ दिली, परीक्षा जाऊ दिली. तिला खरं ऐकायचं नव्हतं. शुक्रवारी एकदाचं विचारलं, तर धनराज जराही न चाचरता म्हणाला, "हो. मीच केलं."

वेणी घालून झाल्यावर ती गच्चीवर गेली. धनराज कठड्याला टेकून उभा होता. खाली आबा अंगणात हिरामणच्या गुडघ्याला गुडघा लावून तंबाखू मळत होते. मोहिनी मॅडम, संस्थेत ही योजना बघणाऱ्या बाई, जेवायला यायच्या होत्या. उद्या पाइपांचा ट्रक निघणार होता.

"तू सांगतोस की मी सांगू?" पल्लवीने विचारलं.

"सांगून काय होईल तेवढं सांग." धनराजने तिच्याकडे पाहिलंही नाही. "वरचा पाडा वगळतील. पाणी पोचत नाही तो पाडा योजनेत नाही, हा त्यांचा नियम. आणि एकदा वगळला की वगळला, पल्ले. पुन्हा कोण फिरकतंय तिकडे? पण पाइप वरपर्यंत गेला, नळ बसला, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि मग पाणी चढलं नाही, तर? तर ती त्यांच्या गळ्यातली धोंड. मग पंप द्यावाच लागतो."

"आणि नाही दिला तर?"

"तर आत्ता आहे तेच."

"आत्ता आहे तेच कसं? तिचे हात बघितलेस?"

तो खाली अंगणाकडे बघू लागला. मग हळू म्हणाला, "ते हात मी तुझ्या आधीपासून बघतोय."

खालून आबांचं हसणं वर आलं. धनराज अचानक तिच्याकडे वळला.

"तुला ती बाई आठवते? आपल्या वर्गावर प्रश्नांचे कागद घेऊन आलेली? इंजिनियरने अमुक करावं का, तमुक करावं का?"

आठवत होतं. मागच्या वर्षी विद्यापीठातून कुणी संशोधन करणाऱ्या आल्या होत्या.

"तू सगळ्या प्रश्नांना 'कधीच नाही'वर खूण केलीस. मी सगळ्यांना 'परिस्थितीवर अवलंबून'. किती हसली होतीस मला! पण त्या बाई आपली परिस्थिती विचारायलाच विसरल्या, पल्ले. तुझी परिस्थिती म्हणजे दिंडोरी रोड, सकाळ-संध्याकाळ नळ. तुला 'कधीच नाही' परवडतं."

हे तिला लागलं. ते खरं होतं म्हणूनही लागलं.

"पाण्याला कुणाची परिस्थिती कळत नाही, धना."

"म्हणून तर माणसांना कळावी लागते."

तो स्वतःसाठी खोटं बोलला असता तर किती सोपं झालं असतं! चार शिव्या घालून मोकळी झाली असती ती. पण त्याला ना बढती मिळणार होती ना बक्षीस. त्याच्या मनात आपली आई होती, तिच्या डोक्यावरचे हंडे होते, खालच्या विहिरीपासूनचा तो चढ होता. पल्लवीच्या मनातही तीच बाई होती. एकाच बाईवर जीव टाकणारी दोन माणसं समोरासमोर उभी होती.

जिन्यात हिरामण भेटला. तो वीज मंडळात लाइनमन होता, मोजकं बोलणारा.

"धना बोलला माझ्याशी," तो म्हणाला. "तू आज गप ऱ्हा."

"बाबा, तुम्हीच सांगितलंत ना? आपण तपासल्याशिवाय तारेत वीज नाही, तार मेली म्हणायची नाही. साहेब म्हणाला तरी नाही, देव म्हणाला तरी नाही."

"तार वेगळी."

"कशी वेगळी?"

हिरामणने जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला, जणू तिथे काही लागलं होतं. "आबानं शाळा सोडून गुरं राखली, म्हणून मी आश्रमशाळेत गेलो. मी लाइनमन झालो म्हणून तू इंजिनियर व्हायलीस. त्याच्या पोराला तू परक्या बाईपुढं खोटं पाडणार?"

"मी त्याला खोटं पाडत नाही."

"मग कुनाला पाडतेस?"

हिरामणचा आवाज खाली आला, आणि त्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मी तुला अडवनार नाय, पोरी. तुला मीच असं वाढवलंय. पण बोलताना माझ्याकडं बघू नको. मला मान हलवता यायची नाय."

आणि तो खाली निघून गेला. पल्लवी जिन्यातच बसून राहिली. एकटं पडायला घर रिकामं असावं लागत नाही. खाली भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, वर धनराज येरझाऱ्या घालत होता, घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्यातल्या कुणाकडेही तिला जाता येत नव्हतं. आई असती तर काय म्हणाली असती, असं तिच्या मनात आलं. पण आईचा आवाजही आता तिला नीटसा आठवत नसे.

मोहिनी मॅडम कायनेटिक स्कूटरवरून आल्या. घामेजल्या होत्या, हसऱ्या होत्या. आबांनी टोपी नीट करून नमस्कार केला. पंगत मांडली गेली. नागलीच्या भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. सावित्रीबाई कुणाचं ऐकायला तयार नव्हती, ताट रिकामं दिसलं की भाकर पडलीच.

"बारकूआबा, तुमच्या मुलांनी काय काम केलंय माहीत आहे का?" मॅडम म्हणाल्या. "शून्य आणलंय शून्य! मी इतक्या वर्षांत असं लेव्हलचं काम बघितलं नाही. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं मी."

आबा जरा बिचकले. "शून्य म्हंजे पास का नापास, मॅडम?"

सगळे हसले. मॅडम तर ठसका लागेपर्यंत हसल्या. "शून्य म्हणजे एकही चूक नाही, आबा."

"मंग बरं. आमच्या वक्ताला शून्य मिळालं का मास्तर कान धरायचा."

धनराज ताटात बघत हसल्यासारखं करत होता. हिरामणने आमटीची वाटी उचलली आणि न पिता खाली ठेवली.

"सावित्रीबाई, तुमच्या वरच्या पाड्याचा चर सगळ्यांच्या आधी झाला. खालच्यांचा अजून रखडलाय," मॅडम म्हणाल्या. सावित्रीबाईने पदर तोंडाला लावला, पण तिचे डोळे लपले नाहीत. लग्नाच्या दिवशीही ती एवढी खूश दिसली नसेल. "आता वरचा नळ नेमका कुठे बसवायचा, ते ठरवू. पल्लवी, तू पट्टी धरून सगळीकडे फिरलीस. तूच सांग. मारुतीच्या ओट्यापाशी घेऊ या?"

सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले. बजावलेलं असूनही पल्लवीने बापाकडे पाहिलं. हिरामण वर पंख्याकडे बघत होता.

"मॅडम, वर पाणी येणार नाही."

मॅडमना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. "म्हणजे?"

"मी ओट्यापाशी दुर्बिणीतून बघितलं होतं. रेघ झऱ्यावरच्या उंबराच्या वरून जाते. झरा खाली आहे. वरचा पाडा उंच आहे." आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "अहवालातलं शून्य खरं नाही."

भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून मॅडम धनराजकडे वळल्या. "धनराज?"

त्याने नाकबूल केलं असतं तर? एक मुलगी गंमत म्हणून दुर्बिणीतून बघते, तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं? पल्लवीला त्या वेळी, देवाशपथ, वाटलं की त्याने नाकबूल करावं. सगळ्यांनी तिला वेड्यात काढावं आणि जेवण पुढे चालावं.

"हो मॅडम," धनराज म्हणाला. "आकडे मी बदलले. हिला काही माहीत नव्हतं. परवा कळलं तिला."

तो तिला वाचवत होता. तिने त्याला सगळ्यांदेखत उघडं पाडलं, आणि पुढच्याच श्वासाला हा तिला पाठीशी घालत होता. आणखी एक खोटं, तेही तिच्यासाठी. घ्यायचं होतं तिने. दुसऱ्या कुणीही घेतलं असतं, आणि त्यात काही पाप नव्हतं. पण 'कधीच नाही'वर खूण करणाऱ्या माणसाची हीच गोची असते, त्याला स्वतःसाठीही सूट देता येत नाही.

"मला माहीत होतं," पल्लवी म्हणाली. "दिवाळीच्या आधीपासून."

वाढायला ओणवी झालेली सावित्रीबाई हातात भाकर घेऊन तशीच थांबली.

"दिवाळीच्या आधीपासून?" तिने विचारलं.

"नक्की नव्हतं, मोठीआई. मला वाटलं, माझंच चुकलं असेल..."

"म्हंजे आमी खनत व्हतो तवा."

पल्लवीने मान हलवली. सावित्रीबाईने भाकर परत टोपलीत ठेवली, टोपलीवर फडकं घातलं आणि भिंतीपाशी जाऊन बसली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. तिने फक्त आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पानी नाय म्हंजे नायच?" आबांनी मॅडमना विचारलं.

"बघावं लागेल, आबा. पुन्हा मोजावं लागेल. दुसऱ्या कुणाकडून." मॅडम उठून हात धुऊन आल्या. "वरचं काम सध्या थांबवावं लागणार. मधल्या चढावर तुमचा आंबा आहे ना, तिथवर येईल कदाचित."

"आंब्यापातुर," आबा म्हणाले. "म्हंजे निम्म्या वाटंवर."

"कदाचित, म्हटलं मी."

पल्लवी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली. मॅडमनी गाडी सुरू केली, मग बंद केली.

"शून्य बघून मलाच शंका यायला हवी होती," त्या म्हणाल्या. "पण इतका आनंद झाला होता ना!" शाबासकी द्यावी की रागवावं हे त्यांचं ठरत नसावं. "तू केलंस ते बरोबरच आहे. फक्त फार उशिरा केलंस." आणि त्या गेल्या.

घरात आल्यावर पिशव्या भरणं सुरू झालेलं होतं. मोठीआई आठवडाभर राहणार होती. आता कुणी काही ठरवलं नव्हतं आणि तरी सगळ्यांचं ठरलं होतं. धनराजनेही आपली पिशवी भरली.

"तू कुठे?" तिने विचारलं.

"गावाला. चर बुजवायला पाहिजे. गुरं पडतील त्यात."

"मीपण येते."

"नको."

"धना, मी खणू शकते, बुजवू शकते..."

"पल्ले, नको ना." तो थकलेला होता. "तू आलीस तर लोक तुला काहीबाही बोलतील. मग मला तुझ्या बाजूने भांडावं लागेल. आज माझ्यात तेवढी ताकद नाही."

आबांनी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नेहमीसारखा दाबला नाही. "अभ्यास कर," म्हणाले. हिरामणने सायकल काढली. रविवार होता, ड्यूटी नव्हती, पण कुठेतरी फ्यूज उडालेलाच असेल, असं काहीसं पुटपुटत तो निघून गेला. भावाला स्टँडवर पोचवायलाही तो थांबला नाही. त्या दुपारी त्या घरात कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं.

ते निघाले तेव्हा संध्याकाळचा नळ आला. न्हाणीत आधी तो खाकरला, मग धार सुटली आणि रिकाम्या बादलीच्या तळावर वाजू लागली. सावित्रीबाई उंबऱ्यात चपला घालत होती. तिला ऐकू आलं, आलंच असणार, कारण तिची मान जरा वळली. मग तिने दुसरी चप्पल घातली आणि ती पायऱ्या उतरली.

पल्लवी किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. बादली भरून वाहायला लागली तेव्हा ती आत गेली. नळ बंद केला, बादलीतलं पाणी पिंपात ओतलं. वळली, तर ओट्यावर कळशी दिसली. पालथी, जशीच्या तशी.

तिच्या मनात आशेसारखं काहीतरी हललं. विसरली! मोठीआई कळशी विसरली. आता तिच्या मागे जायला कारण होतं. कळशी कवटाळून ती रस्त्यावर धावली, रिक्षा केली. रविवार कारंजा चौकापाशी गर्दी होती, रिक्षावाला हॉर्न मारत होता, आणि ती मनातल्या मनात बोलत होती. मोठीआई, मला भीती वाटत होती. खरं ठरलं तर तुझा पाडा जाईल म्हणून मी गप्प बसले. आणि गप्प बसवेना म्हणून बोलले. मला रागाव, दोन थोबाडीत मार, पण पुढच्या खेपेला ये.

स्टँडवर पेठची गाडी लागलेली होती. आबा आणि धनराज आत कुठेतरी होते. सावित्रीबाई खिडकीपाशी बसलेली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर हात.

"मोठीआई!" पल्लवीने खिडकीखाली जाऊन कळशी वर धरली. "कळशी राहिली."

सावित्रीबाईने कळशीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पळत आल्याने पल्लवीची वेणी सुटली होती. मोठीआईचा हात आपसूक खिडकीबाहेर आला, तिने पोरीच्या तोंडावरचे केस कानामागे सारले. तो खरबरीत तळवा गालाला लागला आणि पल्लवीला रडू फुटलं.

"ऱ्हायली नाय," सावित्रीबाई म्हणाली. "ठेवलीय."

"पण ती तू पहिल्या पाण्यासाठी..."

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. नळ तुझ्या घरी हाय."

ती हे रागाने बोलली नाही. टोमणाही नव्हता. घरातलं एखादं भांडं कुठे उपयोगी पडेल, एवढंच तिने सांगितलं. कंडक्टरने घंटी मारली, हात आत गेला, आणि गाडी स्टँडच्या फाटकातून वळून पेठ रोडच्या दिशेने निघून गेली.

पल्लवी चालत घरी आली. पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. तिने न्हाणीत जाऊन नळ फिरवला, कळशी खाली धरली. नळ कधीच गेलेला होता.